पड टाकलेला पाद्री

तेओफिलो काल्यिसाया पाद्री झाला त्याला एकवीस वर्षं झाली होती, आणि उंच डोंगरपठारावरच्या साक्कानी गावी येऊन अकरा. या अकरा वर्षांत त्याने त्रेचाळीस गावांतली माणसं पुरली, पोरांना बाप्तिस्मा दिला, लग्नं लावली, बांधावरची भांडणं मिटवली, नव्या ट्रकांवर पवित्र पाणी शिंपडलं आणि मधल्या वेळात जेवला. जेवला म्हणजे एका हाताने गाडी हाकताना दुसऱ्या हाताने उकडलेला बटाटा तोंडात टाकला. पठारावरची माणसं त्याला ताता, म्हणजे बाप, म्हणत, देवमाणूस म्हणत, आणि देवमाणसाला भूक-झोप कुठली असं समजून उजाडायच्या आत दार ठोठावत. तोही उठायचा. आपण उठतो याचा त्याला मोठा अभिमान होता. ही गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, कारण पुढचा सगळा घोळ त्या अभिमानाने केला.

जानेवारीत तो बिशपांकडे गेला आणि आपल्याला झगा उतरवायचा आहे, असं सांगून मोकळा झाला. बिशप अनिसेतो यांनी आधी बाईची चौकशी केली, मग दारूची. दोन्ही नव्हतं. मग काय झालं, तर तेओफिलोला प्रार्थना करता येईनाशी झाली होती. पुस्तकातल्या प्रार्थना तो धडाधडा म्हणायचा, दुसऱ्यांसाठी तर दिवसातून दहा वेळा. पण स्वतः देवाशी शेवटचं कधी बोललो, हे त्याला आठवत नव्हतं. चर्चमधली उपासना, म्हणजे मिस्सा, चालू असताना ओठ हलत आणि आत कुणी नसे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, तरी हा रोज त्रेचाळीस गावांना पोहरा सोडत होता. याला फसवणूक म्हणतात, असं त्याने बिशपांना सांगितलं.

बिशपांकडे दुसरा पाद्री नव्हता. ते म्हणाले, ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत थांब, सण झाला की मी स्वतः येईन, तेव्हा एका शब्दात सांग, राहतोस की जातोस. तेओफिलोने मान डोलावली. त्याच्या मनात उत्तर तेव्हाच ठरलेलं होतं: जातो. थांबला तो एवढ्याचसाठी, की तोपर्यंतच्या सगळ्या तारखा लोकांना देऊन झाल्या होत्या.

उपवासाच्या काळाआधीचा कार्निव्हल संपल्यावर त्रेचाळिसांतल्याच कालापाम्पा गावाची सभा भरली. दरवर्षी या सभेत कुठला माळ फोडायचा आणि कुठला पड टाकायचा हे ठरतं. नियम जुना आहे. एका तुकड्यात पहिल्या वर्षी बटाटा, दुसऱ्या वर्षी किनवा, तिसऱ्या वर्षी जव, आणि मग सात वर्षं विश्रांती. त्या सात वर्षांत त्या मातीला कुणी कुदळ लावायची नाही, मग तो गावचा कारभारी असो की कारभाऱ्याचा सासरा. राखायला राखणदार असतो. तेओफिलो नवी जमीन फोडण्याआधीचा आशीर्वाद द्यायला गेला होता. तिथून त्याला एका अंत्यविधीला जायचं होतं आणि तिथून दोन लग्नांना, म्हणून तो पाण्याची बाटली हातात धरून सभेच्या कडेला उभ्या उभ्याच डुलक्या घेत होता.

त्या वर्षीचा कारभारी होता इलारिओन तार्की, कमी बोलणारा आणि बोलला की रुतणारा माणूस. त्याने माळांची नावं एकेक करून घेतली. हा किती वर्षं पेरला, तो किती वर्षं पडला, सगळं तोंडपाठ. यादी संपल्यावर त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"अजून एक जमीन राहिली," तो म्हणाला. "अकरा वर्षं सलग पेरलीय. एकदाही पड नाही. गेल्या रविवारी तिचं पीक तुम्ही सगळ्यांनी खाल्लंय."

लोकांना कळेना. इलारिओनने तेओफिलोकडे हनुवटी केली.

"रविवारचं प्रवचन म्हणतोय मी, ताता. राग मानू नका. मेंढीच्या लेंडीएवढाले बटाटे होते."

सभा हसली. तेओफिलोही हसला आणि मग त्याच्या लक्षात आलं की इलारिओन हसत नाहीये. कारभाऱ्याने रीतसर विषय मांडला: जो नियम मातीला तोच तातांना. सात वर्षं सोडता येणार नाहीत, पण आठवड्यातला एक दिवस पड टाकता येईल. सोमवार. त्या दिवशी ना मिस्सा, ना लग्न, ना ट्रक. कोण बाजूने?

हात वर झाले. सगळ्यांचे.

तेओफिलोचा पारा चढला. तो त्यांच्यातलाच होता, पलीकडच्या खोऱ्यातल्या बटाटे पिकवणाऱ्याचा मुलगा, पड म्हणजे काय हे त्याला आईच्या दुधाबरोबर कळलेलं. पण तो नियम जमिनीचा, असं तो समजून चालला होता. त्याने विचारलं की सोमवारी कुणी मेलं तर कोण पुरणार? इलारिओन शांतपणे म्हणाला, धर्मशिक्षक पुरतील, तुम्हीच शिकवलंय त्यांना. आणि तुमच्या आधी चाळीस वर्षं इथे पाद्री नव्हता, तेव्हा काय आम्ही मढी छपरावर वाळत घातली होती? यावर पुन्हा हशा झाला. या वेळी तेओफिलो हसला नाही. आपल्यावाचून यांचं अडत नाही, हे त्याला इतकं लागलं की त्याने आशीर्वाद घाईघाईत उरकला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी इलारिओनने बाकीच्या बेचाळीस गावांच्या कारभाऱ्यांना गाठून ठराव सांगितला. कुणी हरकत घेतली नाही. उलट एकाने विचारलं, इतकी वर्षं कुणाला कसं सुचलं नाही.

पड म्हटली की राखणदार आला. राखणदार म्हणून आली कासिमिरा. सत्तरी ओलांडलेली, चार घागरे एकावर एक, डोक्यावर वाटोळी टोपी, कमरेला गोफण. तीस वर्षं तिने कालापाम्पाचे माळ राखले होते. गारांचा ढग दिसला की ती त्याला शिव्या देत डोंगरावर धावायची, आणि ढग खरोखर वळायचा, असं लोक शपथेवर सांगत. अख्ख्या पठारावर पाद्र्याला अरेतुरे करणारी ती एकटीच. पहिल्या सोमवारी ती तेओफिलोच्या घराच्या दाराशी मेंढीचं कातडं अंथरून बसली, चातीवर लोकर कातायला घेतली आणि नियम सांगितला.

"गारपीट असेल किंवा कुणी मरत असेल, तरच उठवेन. बाकी कुणी आलं तर माझं मी बघते. तू आत बस."

"आत बसून करू काय?"

"ते मला काय विचारतोस? पाद्री तू आहेस."

पहिला सोमवार तो झोपला. सकाळी डोळे मिटले ते ऊन उतरल्यावर उघडले.

दुसऱ्या सोमवारी त्याला झोप येईना. खोलीत एक खाट, एक खुर्ची, भिंतीवर क्रूस. पुस्तक उघडलं, मिटलं. गुडघे टेकले, दुखले, उठला. शांतता त्याला चावू लागली. कामात असताना निदान एक समजूत होती, की वेळ नाही म्हणून प्रार्थना नाही. आता वेळ समोर मांडून ठेवला होता आणि आत ठणठणाट आहे हे लपवायला जागा नव्हती. इतकी भीती त्याला मोठ्या वादळात रस्ता चुकला तेव्हाही वाटली नव्हती. दुपारी मागच्या बाजूने भोंगा वाजला. वेन्सेस्लाओने नवी मिनिबस घेतली होती आणि तो राखणदाराला चुकवून मागच्या गल्लीत आला होता. तेओफिलोने पवित्र पाण्याची बाटली खिशात टाकली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी कोंबडीचोरासारखी मागची भिंत ओलांडली.

रिवाजाप्रमाणे बसच्या चाकांवर बिअर ओतून झाली होती, फुलांचे हार चढले होते, तेओफिलोने हात उचलला, आणि एक खडा सूं करत येऊन बरोबर बाटलीवर बसला. बाटली फुटली. गल्लीच्या तोंडाशी कासिमिरा गोफण गुंडाळत होती.

तिच्या मते गुन्हा सरळ होता. पड जमिनीत नांगर घातला की दंड, आणि जमीन आपण होऊन नांगराखाली गेली तरी दंडच. कालापाम्पाच्या पंचांनी तो ठरवला: चाळीस कच्च्या विटा, स्वतःच्या पायांनी चिखल तुडवून. वेन्सेस्लाओलाही तेवढ्याच. मंगळवारी सकाळी साक्कानीच्या लोकांनी आपल्या पाद्र्याला झगा कमरेला खोचून, गार चिखलात, वाळकं गवत मिसळत, मिनिबसवाल्याचा खांदा धरून नाचताना पाहिलं. बायका कुंपणावर बसून सूचना देत होत्या. एकीने विचारलं, ताता, इतकी छान पावलं येतात तर कार्निव्हलला कुठे लपून बसता? वेन्सेस्लाओ घसरला, त्याने तेओफिलोला ओढलं, दोघेही आडवे झाले. तिथे चिखलात पडल्या पडल्या तेओफिलोला हसू फुटलं. किती दिवसांनी, ते त्याला मोजता येईना. पोटात दुखेपर्यंत तो हसला आणि उठून उरलेल्या विटा पाडल्या.

तिसऱ्या सोमवारी तो बाहेर येऊन कासिमिराजवळ बसला.

"तीस वर्षं तू पड राखलीस," तो म्हणाला. "दिवसभर नुसती माती बघायची. काही उगवत नाही, काही होत नाही. कंटाळा नाही आला?"

कासिमिराने चाती थांबवली. "काही उगवत नाही असं कोण म्हणालं तुला? बटाटेवाल्याचा ना तू? गवत येतं. मेंढरं चरतात, लेंड्या टाकतात. पाऊस येतो, बर्फ येतं, किडे येतात. मातीला काहीच करायचं नसतं. तिने फक्त जागेवर राहायचं. आजवर एकही जमीन भिंतीवरून पळालेली मी पाहिली नाही. तूच पहिला."

तो आत गेला. त्या दिवशी त्याने पुस्तक उघडलं नाही, गुडघे टेकले नाहीत. खुर्ची खिडकीकडे ओढली आणि तिथे राहिला. काही झालं नाही. पुढच्या सोमवारीही झालं नाही. मधले सहा दिवस पूर्वीसारखेच गावोगाव धावण्याचे, त्यात उपवासाचा काळ, मग पवित्र आठवडा, मग ईस्टर, नाकी नऊ आले. पण सोमवार उगवला की दारात कातडं अंथरलेलं असायचं, आणि हा खुर्चीवर. कासिमिराने एका आमदाराला परत पाठवलं, शाळेच्या मुख्याध्यापकाला परत पाठवलं, आणि चाळीस मैलांवरून गिटार घेऊन आलेल्या एका नवरदेवाला मंगळवारपर्यंत अंगणात बसवून ठेवलं.

सातव्या की आठव्या सोमवारी तेओफिलो खिडकीतून बर्फाचे डोंगर बघत होता. आणि तोंडातून एक वाक्य निघालं, आयमारा भाषेत, लहानपणी मेंढरांमागे फिरताना ज्या भाषेत तो बोलायचा त्या.

"मी तुला कंटाळलोय," तो देवाला म्हणाला.

स्वतःच्याच आवाजाने तो दचकला. पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीत शिकल्यापासून त्याने देवाशी फक्त स्पॅनिशमध्ये व्यवहार केला होता, तोही सभ्य. पण एकदा बांध फुटला म्हणजे फुटला. तो बोलतच राहिला. तू मला उचलून आणलंस आणि सोडून दिलंस. माझी आई मेली तेव्हा मी दुसऱ्याच्या आईला पुरत होतो. या माणसांना सगळं मी द्यायचं, मग मला कोण देणार? अकरा वर्षं तू कुठे होतास? तो ओरडला, मग रडला, शेंबूड झग्याला पुसला. बाहेर चाती थांबली आणि थोड्या वेळाने पुन्हा फिरू लागली. संध्याकाळी तो रिकामा, हलका होऊन बसला, आणि त्याला जाणवलं की अकरा वर्षांत आपण पहिल्यांदा खरी प्रार्थना केली. समोरून उत्तर आलं नव्हतं. पण समोर कुणीतरी होतं. एवढं सगळं त्याने भिंतीला ऐकवलेलं नव्हतं, याबद्दल त्याच्या मनात तिळाएवढीही शंका उरली नाही.

त्यानंतर सोमवार कधी येतो असं त्याला होऊ लागलं. तो भांडायचा, सांगायचा, त्रेचाळीस गावांतली नावं घ्यायचा, गप्प राहायचा. रविवारची प्रवचनं लांबीने निम्मी झाली आणि लोक ती घरी जाताना पुन्हा एकमेकांना सांगू लागले. तरीही, राहतोस की जातोस, या प्रश्नाला तो हात लावत नव्हता. हात लावला तर हे सगळं पुन्हा उडून जाईल अशी त्याला धास्ती होती.

पेंटेकॉस्टचा सण झाला आणि दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, बिशपांची जीप दाराशी येऊन थांबली. बिचाऱ्यांना ठराव माहीत नव्हता.

आत तेओफिलो नुकता कुठे बोलू लागला होता. जीपचा आवाज त्याने ओळखला. मग तिचं दार लावल्याचा आवाज, मग बिशपांचा खाकरा. त्याचे पाय आपोआप उभे राहिले. एकवीस वर्षांची सवय, बिशप आले की उठायचं, झगा नीट करायचा, अंगठीचं चुंबन घ्यायचं. कडीपर्यंत तो पोचलादेखील.

बाहेर कासिमिरा म्हणाली, "आमचा ताता आज पड आहे."

ड्रायव्हरने तिला समजावलं की हे साक्षात बिशप आहेत, पाच तास गाडीत बसून आलेत. कासिमिराने विचारलं, गारपीट येतेय का? नाही. कुणी मरतंय का? नाही. मग कातड्यावर जागा आहे, ती म्हणाली, बसा. बिशप म्हणाले, बाई, मी त्याला फक्त एक शब्द विचारायला आलोय. ती म्हणाली, एक कुदळ काय आणि दहा काय.

तेओफिलोचा हात कडीवर होता. बाहेर त्याचा वरिष्ठ ताटकळत होता आणि आत कुणी दिसत नव्हतं, नुसती एक खुर्ची होती. उघडलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. आजवर तो असाच उघडत आला होता, प्रत्येक दार, प्रत्येक वेळी, आणि ज्याच्याशी बोलणं चालू होतं त्याला दर वेळी म्हणत आला होता, जरा थांब, आलोच. अकरा वर्षं त्याने देवाला बाहेर ताटकळत ठेवलं होतं. हे त्याला आत्ता कळलं. त्याने कडीवरचा हात काढला, मागे फिरला आणि खुर्चीवर येऊन बसला.

"हं," तो आयमारात म्हणाला, "तर मी काय सांगत होतो."

आणि त्याला आनंद झाला. असा आनंद की बसवेना. प्रश्नाचं उत्तर आत केव्हाचं तयार होऊन पडलं होतं, ते त्याने आता हातात घेतलं आणि ते उडून गेलं नाही. तो गाऊ लागला, मेंढरांमागची जुनी गाणी, एकामागून एक, बेसूर आणि मोठ्याने. भिंतीपलीकडून बिशपांनी कासिमिराला विचारलेलं त्याला ऐकू आलं, की हा रोज असा गातो का. ती म्हणाली, नाही, आज पहिल्यांदाच, म्हणून तर उठवू नका.

सूर्य टेकला तेव्हा तेओफिलोने दार उघडलं. बिशप अनिसेतो मेंढीच्या कातड्यावर पाय पसरून बसले होते, मांडीवर बटाट्याच्या साली, नाक उन्हाने आणि थंडीने लाल. कासिमिराने त्यांच्याकडून लोकरीचा एक गुंडा उलगडून घेतलेला दिसत होता. ते तेओफिलोकडे वळले.

"माझा आवाज ऐकलास तू?" त्यांनी विचारलं.

"ऐकला, मोन्सेन्योर."

"आणि आला नाहीस."

"नाही आलो. बोलणं चालू होतं."

बिशपांनी मांडीवरच्या साली हळूहळू झटकल्या. अठरा वर्षं ते बिशप होते. या काळात पाद्र्यांनी त्यांना रस्ता खचला म्हणून, गाडी बिघडली म्हणून, आजारी आहे म्हणून ताटकळत ठेवलं होतं, प्रार्थना चालू आहे म्हणून कुणीच नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसायचीही तसदी घेतली नाही.

"माझं नाव निघालं का त्या बोलण्यात?"

"निघालं. जीप थांबली तेव्हा आधी शिवी निघाली. मग नीट निघालं."

बिशप मोठ्याने हसले. हात पुढे केला, तेओफिलोने त्यांना ओढून उभं केलं, आणि दोघे तसेच हात धरून अंगणात उभे राहिले.

"मी राहतोय," तेओफिलो म्हणाला. "तुमच्याकडे दुसरं कुणी नाही म्हणून नव्हे. मला राहायचंय म्हणून."

"ते मला दुपारीच कळलं," बिशप म्हणाले. "मी जायला निघालो होतो. पण मग म्हटलं, इतक्या वर्षांत कुठल्या पाद्र्याला असं गाताना ऐकलं नाही, जरा ऐकून जावं."